बरोबर उत्तराची पारख

हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं नरसी नांवाचें गांव आहे. संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून वारकरी मंडळी या गांवाकडे भक्तिभावानें पाहतात, आणि गांवाचें नांवच आतां नरसी नामदेव असें रूढ झालें आहे. नामदेवांच्या चरित्रांत एका परीक्षेची कथा येते; ती महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. संतांचा मेळा जमला असतां मुक्ताबाईंनीं गोरोबाकाकांच्या घरांतील थापटणें पाहून तें कशासाठीं आहे असें विचारलें. मडकें कच्चें कीं पक्कें हें त्यानें कळतें, असें उत्तर मिळालें. मग जमलेल्या मडक्यांचीही पारख व्हावी असें ठरलें, आणि गोरोबाकाका एकेकाच्या डोक्यावर थापटणें मारीत गेले. इतर सारे स्वस्थ बसले; नामदेवांना मात्र तें सहन झालें नाहीं. हें मडकें कच्चें, असा निकाल लागला. परंपरा असें सांगते कीं, या निकालानें दुखावलेले नामदेव अखेर औंढा नागनाथ येथें विसोबा खेचरांकडे गेले व तेथें त्यांना गुरूपदेश मिळाला. नरसी आणि औंढा हीं दोन्ही स्थळें आजच्या हिंगोली जिल्ह्यांतच येतात.

कुंभाराची ही परीक्षा दिसावयास साधी; परंतु प्रत्येक परीक्षेच्या मुळाशीं असलेला पेंच तींत आहे. परीक्षक जें पाहतो तें बाहेरचें चिन्ह असतें, आणि त्याला जाणावयाची असते ती आंतली स्थिति. मडक्याचा नाद ऐकूं येतो, त्याची भाजणी दिसत नाहीं. उत्तरपत्रिकेवरील खूण दिसते, विद्यार्थ्याचें ज्ञान दिसत नाहीं. चिन्हावरून स्थितीचें अनुमान करतांना भरंवसा किती ठेवावा, हा तो पेंच होय. जेथें चार उत्तरें छापून दिलेलीं असतात आणि त्यांतील एकावर खूण करावयाची असते, तेथें तर तो अधिकच अवघड होतो. कारण ज्याला विषयाचा गंधही नाहीं तोही सरासरीनें चार वेळांपैकीं एकदां बरोबर खूण करून जातो.

अशा अपघाती यशाला आपल्याकडे जुनीं नांवें आहेत. लांकूड पोखरतां पोखरतां किड्याकडून एखादें अक्षर कोरलें जातें. तें अक्षर वाचतां येतें, पण किड्याला लिहितां येतें असें कोणी म्हणत नाहीं. यालाच घुणाक्षरन्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गांठ पडली, ही म्हण त्याच जातीची. विद्यार्थ्यांच्या बोलींत याचें नांव तुक्का असें आहे. नांव कोणतेंही असो, प्रश्न एकच राहतो: समोर आलेलें अक्षर किड्याचें कीं लेखकाचें, हें ओळखावें कसें?

महाभारताच्या वनपर्वांत या प्रश्नाचें एक मार्मिक उत्तर सांपडतें. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवरासाठीं ऋतुपर्ण राजा विदर्भाकडे निघाला आहे आणि बाहुकाच्या वेषांत नल त्याचा रथ हांकीत आहे. वाटेंत बेहड्याच्या झाडाकडे नुसती दृष्टि टाकून राजा त्याच्या दोन फांद्यांवरील पानांची व फळांची संख्या सांगतो. फळें दोन हजार पंचाण्णव आहेत, असें तो म्हणतो. नल भारावून जात नाहीं. तो रथ थांबवितो आणि प्रत्यक्ष मोजणी करून पाहतो. संख्या तंतोतंत जुळते, आणि तेव्हांच तो राजाजवळ ती विद्या मागतो. फांदीवर फळें आहेत कीं नाहींत एवढेंच राजानें सांगितलें असतें आणि तें खरें ठरलें असतें, तर नलानें त्याला विद्वान् मानलें नसतें; तितकें कोणाच्याही तोंडून सहज निघून जातें. परंतु दोन हजार पंचाण्णव हा आंकडा अंदाजपंचें लागावयाचा नाहीं. विद्या नसतां जें उत्तर बरोबर येणें अत्यंत दुर्घट, तेंच उत्तर विद्येचा भक्कम पुरावा ठरतें. उत्तराच्या बरोबरपणापेक्षां तें अज्ञानांतून येणें किती सोपें होतें, हें पाहणें अधिक महत्त्वाचें, हा त्या प्रसंगाचा बोध होय.

या बोधाला गणिताचें रूप मिळण्यास पुष्कळ काळ जावा लागला. १६५४ सालीं फ्रान्समध्यें पास्कल व फर्मा या दोन गणितज्ञांत जुगाराच्या डावांविषयीं जो पत्रव्यवहार झाला, त्यापासून संभाव्यतेच्या शास्त्राचा आरंभ मानण्यांत येतो. पुढें धर्मच्छलामुळें फ्रान्स सोडून लंडनमध्यें आश्रय घेतलेल्या द म्वाव्र याचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १७१८ सालीं निघाला. एखादी गोष्ट घडली आहे असें धरून चाललें, तर दुसरी घडण्याचा संभव किती, याचा विचार या शास्त्रांत हळूहळू स्थिरावला. त्यालाच आज सशर्त संभाव्यता म्हणतात. मात्र हे आरंभीचे गणितज्ञ बहुधा कारणाकडून कार्याकडे जात. फांसा निर्दोष आहे असें धरावयाचें आणि अमुक दान पडण्याचा संभव काढावयाचा. घुणाच्या भाषेंत बोलावयाचें तर, किडा किती वेळां अक्षर कोरील एवढेंच त्यांना सांगतां येत होतें.

उलट दिशेचा प्रश्न धसाला लावला तो टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकानें. अक्षर कोरलेलें दिसत आहे. तर कोरणारा किडा असण्याचा संभव किती आणि लेखक असण्याचा किती? बेझ १७६१ सालीं वारला. त्याच्या कागदपत्रांत सांपडलेला निबंध त्याचा मित्र रिचर्ड प्राइस यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडला. तो २३ डिसेंबर १७६३ रोजीं तेथें वाचण्यांत आला. पुढें १७७४ सालीं फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यानें स्वतंत्रपणें हाच विचार अधिक व्यापक रूपांत मांडला. कार्यावरून कारणाचा संभव काढण्याची ही रीत महाराष्ट्रालाही परकी राहिली नाहीं. कोल्हापुरांत १९१९ सालीं जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार यांनीं केंब्रिज येथें या पद्धतीचे त्या काळचे मोठे पुरस्कर्ते हॅरल्ड जेफ्रीज यांच्या हाताखालीं संशोधन केलें, आणि १९५३ पासून पुणें विद्यापीठांत संख्याशास्त्राच्या उच्च अध्ययनाचा पाया घातला. १९७४ सालीं त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

बेझच्या रीतीचें मर्म एका वाक्यांत सांगतां येतें: अज्ञान असतां उत्तर बरोबर येण्याचा संभव ही एक गोष्ट, आणि उत्तर बरोबर आलें असतां अज्ञान असण्याचा संभव ही अगदीं निराळी गोष्ट. या दोहोंची गल्लत सुशिक्षित माणसेंही नेहमीं करतात. ती गल्लत परीक्षेच्या मंडपांत कशी शिरली, हें पाहण्यासाठीं परीक्षांच्या इतिहासाकडे वळलें पाहिजे.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडींतले. त्या काळच्या परीक्षा विस्तारानें लिहावयाच्या असत. तेथें तुक्क्याला फारसा वाव नव्हता. परंतु त्या पद्धतींत दुसरा दोष होता, तो परीक्षकाच्या मर्जीचा. १९१२ व १९१३ सालीं अमेरिकेंत स्टार्च आणि एलियट या दोघां संशोधकांनीं एकाच उत्तरपत्रिकेच्या नकला अनेक शिक्षकांकडे पाठविल्या, तेव्हां त्याच उत्तरांना एकानें उत्तम ठरविलें तर दुसऱ्यानें नापास केलें. भूमितीसारख्या विषयांतही तसेंच घडलें. परीक्षकाच्या लहरीचा हा कांटा उपटून काढण्यासाठीं कॅन्सस संस्थानांतील फ्रेडरिक केली यानें १९१४-१५ च्या सुमारास मूकवाचनाची अशी कसोटी रचली कीं, तींत उत्तर एकच बरोबर असावें आणि तपासणाऱ्याचें मत मध्यें येऊंच नये. बहुपर्यायी परीक्षेचा जनक म्हणून सामान्यतः त्याचेंच नांव घेतलें जातें.

त्यानंतर या पद्धतीचा प्रसार फार वेगानें झाला. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यानें रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखालीं सतरा लाखांहून अधिक लोकांची बुद्धिमापन-परीक्षा घेतली. २३ जून १९२६ रोजीं महाविद्यालयीन प्रवेशासाठींची सॅट ही परीक्षा प्रथम झाली. सुमारें आठ हजार विद्यार्थी तिला बसले होते. १९३८ सालीं पेन्सिलीच्या खुणेंतून वीज वाहते या तत्त्वावर उत्तरें तपासणारें यंत्र बाजारांत आलें. त्याची मूळ कल्पना रेनॉल्ड जॉन्सन या शाळामास्तराची. परीक्षकाची लहर गेली, परंतु तिच्या जागीं विद्यार्थ्याचें दैव येऊन बसलें. लेखी परीक्षेंत निकाल परीक्षकागणिक बदले. नव्या परीक्षेंत तो नाणें उडविल्यासारखाही लागूं लागला.

आतां या दैवाचा हिशेब पाहावा. समजा, वसमत येथें एका वर्गांत शंभर विद्यार्थी आहेत आणि चार पर्यायांचा एक सोपा प्रश्न विचारला आहे. साठांना उत्तर ठाऊक आहे; चाळीसांना मुळींच ठाऊक नाहीं व ते डोळे मिटून खूण करतात. या चाळीसांपैकीं सरासरीनें दहांचें उत्तर बरोबर येईल. एकंदर बरोबर उत्तरें सत्तर झालीं. त्यांतील एखादी उत्तरपत्रिका हातीं आली, तर तिचा धनी अज्ञ असण्याचा संभव सत्तरांत दहा, म्हणजे सातांत एक. आतां प्रश्न कठीण करावा. वर्गांत फक्त वीसच जणांना उत्तर ठाऊक आहे. बाकीच्या ऐंशींनीं अंदाज केला व त्यांतील वीसांचा अंदाज लागला. बरोबर उत्तरें चाळीस, त्यांत जाणते वीस व न जाणते वीस. म्हणजे बरोबर उत्तर देणारा प्रत्येक दुसरा विद्यार्थी अज्ञ! दोन्ही वेळां पर्याय चारच होते आणि अज्ञ माणसाचें उत्तर बरोबर येण्याचा संभव चारांत एक हाच होता; परंतु बरोबर उत्तरामागें अज्ञान असण्याचा संभव एकदां सातांत एक आला, तर दुसऱ्यांदा दोहोंत एक. चिन्ह तेंच, पण त्याचें वजन परीक्षेपूर्वीं वर्गाची स्थिति काय होती यावर ठरलें. कठीण प्रश्नाचें उत्तर आलें म्हणजे विद्यार्थी खास हुशार, असें जें सहजच वाटतें, तें अशा वेळीं उलट फसवें ठरतें.

पहिल्याच आंकड्यांकडे दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर परीक्षामंडळांच्या एका प्रसिद्ध नियमाचें रहस्य उलगडतें. समजा, एकाच विद्यार्थ्याला शंभर प्रश्नांपैकीं साठ येतात आणि चाळीस तो डोळे मिटून सोडवितो. त्याचीं सत्तर बरोबर येतील व तीस चुकतील. चुकलेल्यांचा एक तृतीयांश, म्हणजे दहा, बरोबर आलेल्यांतून वजा केल्यास साठ उरतात. तेंच त्याचें खरें ज्ञान. पर्याय चार असल्यास चुकीला एक तृतीयांश, पांच असल्यास एक चतुर्थांश, दोनच असल्यास पूर्ण एक गुण कापावा, असा हा नियम आहे. अमेरिकन सैन्याच्या १९१७ च्या परीक्षेंत दोन पर्यायांच्या भागांना तो लावलेला होता. सॅट परीक्षेंत पांच पर्यायांच्या प्रश्नांना एक चतुर्थांश गुण कापीत. २०१६ सालीं ती कपात बंद झाली.

भारतांत केंद्रीय लोकसेवा आयोगानें सनदी सेवांसाठीं १९७९ सालीं वस्तुनिष्ठ प्रश्नांची पूर्वपरीक्षा सुरू केली आणि २००७ पासून तींत चुकीला एक तृतीयांश गुण कापण्यास प्रारंभ केला. गणिताच्या दृष्टीनें ही कपात बरोबर तोललेली आहे. डोळे मिटून खूण करणाऱ्याला सरासरीनें कांहीं मिळत नाहीं आणि त्याचें कांहीं जातही नाहीं. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा तोल निराळा आहे. तेथें बरोबर उत्तराला चार गुण मिळतात व चुकीला एक जातो. सर्व १८० प्रश्न डोळे मिटून सोडविणाऱ्याचीं सरासरीनें ४५ उत्तरें बरोबर येऊन १८० गुण मिळतील आणि १३५ चुकांचे १३५ जातील. ७२० पैकीं ४५ गुण अज्ञानाच्या पदरांत पडले. महाराष्ट्राच्या एम्‌. एच्‌. टी. सी. ई. टी. परीक्षेंत चुकीला गुण कापतच नाहींत. तेथें प्रश्न कोरा सोडणें म्हणजे हातचें सोडून देणें होय.

परंतु या साऱ्या नियमांच्या पोटांत एक गृहीत गोष्ट दडलेली आहे. विद्यार्थ्याला उत्तर एक तर पूर्णपणें येतें, नाहीं तर मुळींच येत नाहीं, असें ते धरून चालतात. खरा विद्यार्थी बहुधा या दोहोंच्या मध्यें असतो. त्याला नेमकें उत्तर आठवत नाहीं, पण चारांतील एक पर्याय निश्चित चुकीचा आहे हें तो जाणतो. तो पर्याय खोडला कीं संभव चारांत एक न राहतां तिहींत एक होतो. आणखी एक खोडला तर दोहोंत एक. पुसटसें कां होईना, पण तें ज्ञानच आहे. एक तृतीयांश कपात असली तरी एक पर्याय खात्रीनें खोडतां आल्यास उत्तर देणाऱ्याला सरासरीनें प्रश्नाच्या गुणाचा एक नवमांश लाभ होतो; नीटच्या नियमानें तोच लाभ दोन तृतीयांश गुण इतका होतो. तेव्हां अशा प्रसंगीं उत्तर देणें हा जुगार नव्हे. जवळ असलेल्या अपुऱ्या ज्ञानाचा तो रास्त उपयोग आहे. मात्र खोडलेला पर्याय खरोखरच चुकीचा असला पाहिजे. नुसत्या वाटण्यानें बरोबर पर्यायच खोडून टाकला, तर पुढचा सारा हिशेब कोसळतो.

येथेंच कपातीच्या नियमाची एक न दिसणारी बाजू पुढें येते. चूक केली तर गुण जातील, ही धास्ती सर्वांना सारखी वाटत नाहीं. कॅथरिन बाल्डिगा यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, चुकीला गुण कापले जात असतां सारखेंच ज्ञान असलेल्या स्त्री-पुरुषांपैकीं स्त्रियांनीं अधिक प्रश्न कोरे सोडले, आणि त्यामुळें त्यांचे गुण कमी भरले. कपात नव्हती तेव्हां मात्र सर्वांनीं सर्व प्रश्न सोडविले. म्हणजे तुक्का मारणाऱ्याला आवरण्यासाठीं केलेला नियम भित्र्या जाणत्यालाही दंड करतो. कळमनुरीच्या किंवा सेनगांवच्या खेड्यांतून आलेली, घरांत पहिल्यानेंच अशा परीक्षेला बसणारी मुलगी चारांतील दोन पर्याय खोडूनही उरलेल्या दोहोंत हात आंखडता घेते आणि प्रश्न कोरा सोडते, तेव्हां तिचें ज्ञान परीक्षकाला दिसतच नाहीं. ज्याचा हिशेब पक्का तो धीट होतो. आणि हिशेब शिकविणारा बहुधा शहरांतल्या महाग शिकवणी-वर्गांत भेटतो. सशर्त संभाव्यतेचें हें लहानसें गणित प्रत्येक शाळेच्या फळ्यावर मांडलें जावें, याचें कारण हेंच आहे.

एका प्रश्नावरून पारख होत नाहीं, म्हणून परीक्षक अनेक प्रश्न विचारतो. डोळे मिटून सोडविलेले दहाचे दहा प्रश्न बरोबर येण्याचा संभव १०,४८,५७६ मध्यें एक इतका अल्प आहे. एखाद्या लहान वर्गांत असें घडलें, तर विद्यार्थ्याला ज्ञान आहे असेंच मानावें लागेल. पण परीक्षार्थींची संख्या लाखांत गेली म्हणजे हाही भरंवसा डळमळूं लागतो. दहा लाख निव्वळ अज्ञ माणसांना ते दहा प्रश्न घातले, तर त्यांतून एखाद्याचीं सारीं उत्तरें बरोबर निघण्याचाच संभव अधिक. गर्दींतून असा एक उचलून त्याची मिरवणूक काढणें सोपें असतें. परंतु तो किती मोठ्या गर्दींतून उचलला हें विसरलें, कीं घुणाचा लेखक झालाच! शिवाय दोन उत्तरपत्रिका जुळल्या, तर त्या एकमेकींपासून अलग होत्या कीं शेजारीं, हेंही पाहावें लागतें. एकानें दुसऱ्याचें पाहून लिहिलें असल्यास ते दोन साक्षी नव्हेत, एकच साक्षी होय.

या साऱ्या विचाराचें आजवरचें एक अत्यंत कडक उदाहरण ज्या शास्त्रीय प्रयत्नांतून निघालें, त्याचा धागा पुन्हा विसोबा खेचरांच्या औंढ्याकडेच येतो, हा एक हृद्य योग आहे. गुरुत्वीय लहरी टिपण्याची जी वेधशाळा भारतांत व्हावयाची, तिच्यासाठीं औंढा नागनाथ तालुक्यांतील दुधाळा गांवाजवळची जागा निवडण्यांत आली. २०१६ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें तिला तत्त्वतः मान्यता दिली, आणि ६ एप्रिल २०२३ रोजीं मंत्रिमंडळानें २,६०० कोटि रुपयांच्या योजनेस अंतिम मान्यता दिली. अमेरिकेंत हॅनफर्ड व लिव्हिंगस्टन येथें अशाच दोन वेधशाळा आहेत. त्यांच्या काटकोनांत पसरलेल्या दोन भुजा प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या आहेत. दूरच्या ताऱ्यांच्या टकरींनीं अवकाशांत उठलेली लहर या भुजांच्या लांबींत प्रोटॉनच्या व्यासाहूनही पुष्कळ लहान असा फरक पाडते. पण तितका फरक जमिनीच्या कंपानें, वाऱ्यानें किंवा यंत्रांतील खुडबुडीनेंही भासूं शकतो. यंत्रानें खूण केली. ती ज्ञानाची कीं तुक्क्याची, हाच प्रश्न तेथेंही उभा राहतो.

त्यावर शास्त्रज्ञांनीं योजलेला उपाय परीक्षामंडळांनीं हेवा करावा असा आहे. दोन वेधशाळा एकमेकींपासून सुमारें तीन हजार किलोमीटर दूर ठेवल्या, म्हणजे एका ठिकाणचा हादरा दुसरीकडे पोंचूं नये. शेजारीं बसून नक्कल करण्याची सोयच ठेवली नाहीं. खरी लहर प्रकाशाच्या वेगानें जाते, म्हणून ती दोन्ही ठिकाणीं एक शतांश सेकंदाच्या आंत दिसली पाहिजे. मग एका ठिकाणची नोंद त्याहून अधिक वेळानें मुद्दाम पुढें-मागें सरकवून दुसरीशीं ताडून पाहतात. अशा सरकविलेल्या नोंदींत जे मेळ सांपडतात ते सारे नाइलाजानें योगायोगाचेच असणार! अज्ञानांतून बरोबर उत्तर किती वेळां येतें, हें अशा रीतीनें प्रत्यक्ष मोजतां येतें. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं दोन्ही वेधशाळांनीं सुमारें सात सहस्रांश सेकंदांच्या अंतरानें एकच आकृति टिपली. तसा मेळ निव्वळ योगायोगानें दोन लाख तीन हजार वर्षांत एकदांहूनही कमी वेळां घडावा, असा हिशेब निघाला. त्यानंतरच, ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं, दोन कृष्णविवरांच्या मीलनाची ती वार्ता जगाला सांगण्यांत आली.

त्याआधीं या शास्त्रज्ञांनीं स्वतःचीही परीक्षा करून घेतली होती. २०१० च्या सप्टेंबरांत मोजक्या मंडळींनीं यंत्रांत एक कृत्रिम लहर गुपचूप मिसळून दिली. इतर शेंकडों संशोधकांना असें केव्हां तरी होऊं शकतें एवढेंच ठाऊक होतें; तें झालें आहे कीं नाहीं हें ठाऊक नव्हतें. त्यांनीं तें चिन्ह हुडकून काढलें, महिनोन्‌महिने तपासलें, प्रसिद्धीसाठीं निबंधही तयार केला. २०११ च्या मार्चमध्यें सर्वांसमक्ष उलगडा झाला, तेव्हां ती आपली परीक्षा होती हें त्यांना कळलें. उत्तर बरोबर आलें तरी शंका सोडावयाची नाहीं, ही शिस्त त्यांनीं अशा रीतीनें अंगीं बाणविली होती.

दुधाळ्याची वेधशाळा पूर्ण होऊन कामास लागली म्हणजे दूरच्या पृथ्वीभागावरचा आणखी एक स्वतंत्र साक्षी मिळेल. प्रत्येक नव्या स्वतंत्र साक्षीनें योगायोगाचा संभव अनेक पटींनीं घटतो, आणि लहर आकाशाच्या कोणत्या दिशेनें आली हेंही अधिक नेमकें सांगतां येतें. यंत्राच्या एका ठोक्यावर विश्वास ठेवण्यापूर्वीं माणूस इतके सायास करतो. विद्यार्थ्याच्या बाबतींत मात्र तीन तासांतील कांहीं खुणांवरून त्याच्या साऱ्या बुद्धीचा निकाल देऊन तो मोकळा होतो, आणि एका गुणाच्या फरकानें एकाला हुशार व दुसऱ्याला मठ्ठ म्हणतो.

गोरोबाकाकांचें थापटणें या दृष्टीनें पुन्हा आठवावेंसें वाटतें. त्यांनीं दिलेला निकाल त्या वेळेपुरता खराही असेल. परंतु कच्चें मडकें म्हणजे फुटकें मडकें नव्हे. त्याला अजून आव्याची आंच लागावयाची आहे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ज्यांना कच्चें ठरविलें ते नामदेव औंढ्याला गेले, पुढें पंजाबापर्यंत पोंचले, आणि त्यांचीं ६१ पदें गुरु ग्रंथ साहेबांत आदरानें समाविष्ट झालीं. परीक्षेच्या एका दिवसानें एका दिवसाचीच साक्ष द्यावी. त्या साक्षीचें वजन किती, हें ठरवितांना अगोदरची माहिती, योगायोगाचा वांटा आणि नंतरचे दिवस हीं तीन्ही तराजूंत घालावीं, असें बेझचें गणितही सांगतें.